ट्रॅप कॅमेऱ्याचे डिजिटल रूपांतर

ट्रॅप कॅमेरा हे समोरून जाणाऱ्या प्राण्याची चाहूल लागताच माणसाच्या मदतीशिवाय छायाचित्र टिपणारे उपकरण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ही उपकरणे ३५ मिलिमीटर फिल्मवर चालत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. फिल्मच्या जागी प्रतिमा संवेदक बसवला आणि काम झाले, असे मात्र घडले नाही. फिल्म कॅमेऱ्यात काही गुण आपसूक होते. तो वीज न खाता महिनोन्‌महिने वाट पाहू शकत असे, इशारा मिळताच झडप उघडत असे आणि त्याच्या फ्लॅशमुळे धावता प्राणीही स्थिर उमटत असे. डिजिटल उपकरणात हे गुण नव्याने घडवावे लागले. काही अद्याप पूर्णपणे साधलेले नाहीत.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत, उसाच्या पट्ट्यात वावरणाऱ्या बिबट्यांमुळे या उपकरणाला विशेष महत्त्व आले आहे. छायाचित्र किती लवकर हाती येते आणि त्यात बिबट्याच्या अंगावरील ठिपके किती स्पष्ट दिसतात, यांवर पिंजरा कोठे व कोणत्या बिबट्यासाठी लावायचा हे निर्णय तेथे अवलंबून असतात.

फिल्मचा काळ

प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांची रात्रीची वन्यजीव छायाचित्रे 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने जुलै १९०६ मध्ये छापली. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून, वाघाचा पाय तिला लागताच झडप उघडेल अशी योजना केली आणि १९२७ मध्ये 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शास्त्रीय गणनेसाठी या साधनाचा उपयोग मात्र बराच उशिरा सुरू झाला. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांची संख्या अनुमानित करण्याची पद्धत वापरली व तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. वाघाच्या पट्ट्यांप्रमाणे बिबट्याच्या अंगावरील फुलासारखे ठिपकेही प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात. डाव्या व उजव्या कुशीवरील नक्षी सारखी नसल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

या काळातील ट्रॅप कॅमेरा म्हणजे बाजारात मिळणारा, रोल आपोआप पुढे सरकवणारा साधा कॅमेरा, एक उष्णता संवेदक किंवा अवरक्त किरणांची अदृश्य तार, आणि या दोघांना जोडणारी वायर. संवेदकाने इशारा दिला की बटण दाबल्यासारखा विद्युत संपर्क जुळे. तारीख व वेळ कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या झाकणातील छोट्या दिव्याने थेट फिल्मवर छापली जाई. यंत्रणा साधी होती आणि म्हणून टिकाऊही होती. मर्यादा होती ती रोलची. त्यात ३६ छायाचित्रे मावत. गावाजवळच्या पायवाटेवर कॅमेरा लावला तर सकाळी रानात निघालेली गुरे, शाळेत जाणारी मुले आणि सायकलस्वार यांच्यातच रोल संपून जाई. रात्री बिबट्या आला तरी त्याच्यासाठी जागा उरत नसे. पुढे तो रोल काढून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी धुवायला द्यायचा, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत कित्येक दिवस जात. अभयारण्यातील गणनेत हा विलंब चालून जाई. वस्तीलगत वावरणाऱ्या बिबट्याच्या बाबतीत तो चालणारा नव्हता.

फिल्मच्या जागी संवेदक का बसवता आला नाही

हातातला चांगला फिल्म कॅमेरा तसाच ठेवून आत फक्त इलेक्ट्रॉनिक 'रोल' घालावा, हा विचार अनेकांच्या मनात आला होता. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर आधारित १.३ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. त्याचा साठवण संच खांद्याला अडकवून वागवावा लागे. 'सिलिकॉन फिल्म' या कंपनीने रोलच्या आकाराचा डिजिटल संच जाहीर केला, परंतु तो विक्रीला न येताच २००१ मध्ये कंपनी बंद पडली. लायकाने आर८ व आर९ या कॅमेऱ्यांसाठी १० मेगापिक्सेलची जोडपाठ तयार केली आणि ती प्रत्यक्षात विकलीही. पण ती एकाच घराण्याच्या महागड्या कॅमेऱ्यांपुरती होती.

अडचण भूमितीची आहे. फिल्म पातळ असते व दाबपट्टीमुळे खिडकीवर सपाट बसते. संवेदकाचा संवेदनशील पृष्ठभाग मात्र काचेच्या आवरणाखाली, जाड चौकटीत बसवलेला असतो. ही चौकट फिल्मच्या खिडकीत शिरत नाही आणि पृष्ठभाग नेमक्या प्रतलात येत नाही. शिवाय काचेच्या आवरणातून जाताना प्रकाशाचा केंद्रबिंदू काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतराने मागे सरकतो. १ मिलिमीटर काच असेल तर हा फरक सुमारे ०.३ मिलिमीटर होतो. एफ २.८ छिद्राला ३५ मिलिमीटर फिल्मवर खपून जाणारी एकूण चूक सुमारे ०.१७ मिलिमीटर असते. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा पूर्ण उपयोग करून घ्यायचा असेल तर तीच मर्यादा ०.०३ मिलिमीटरच्या आसपास येते. इतकी अचूकता कारखान्यात साधता येते. रानात, झाडाला बांधलेल्या डब्यात ती टिकवणे अवघड आहे.

दुसरी अडचण आकाराची होती. परवडणारे संवेदक नखाएवढे असत. सुमारे ५.८ मिलिमीटर रुंदीचा संवेदक ३५ मिलिमीटरच्या भिंगामागे ठेवला, तर ३ मीटर अंतरावरचा जेमतेम अर्धा मीटर रुंदीचा पट्टा चित्रात येतो. त्यात बिबट्याचे डोके किंवा शेपटी येईल, ओळख पटवायला लागणारी कूस येणार नाही. त्यामुळे ट्रॅप कॅमेऱ्यांच्या बाबतीत 'रूपांतर' या शब्दाचा अर्थच बदलला. जुना डबा, जुना उष्णता संवेदक आणि जुनी वायर ठेवून आत फिल्म कॅमेऱ्याऐवजी संपूर्ण डिजिटल कॅमेरा बसवणे, असा तो झाला. हौशी तंत्रज्ञांनी व संशोधकांनी साधे डिजिटल कॅमेरे उघडून त्यांच्या बटणांना तारा जोडल्या आणि छोट्या सूक्ष्मनियंत्रकाकडून ती बटणे 'दाबून' घेतली. खऱ्या अडचणी येथून पुढे सुरू झाल्या.

जागे होण्याचा वेळ

फिल्म कॅमेरा झोपत नाही. डिजिटल कॅमेऱ्याला मात्र जागे झाल्यावर भिंग बाहेर काढणे, संवेदक सज्ज करणे, साठवणपत्ता वाचणे आणि उजेड मोजणे ही कामे पार पाडावी लागतात. सुरुवातीच्या साध्या कॅमेऱ्यांना यासाठी दोन ते चार सेकंद लागत. बिबट्या रमतगमत, ताशी ४ किलोमीटर वेगाने चालत असला तरी तीन सेकंदांत तो सव्वातीन मीटर पुढे जातो. ४० अंशांच्या भिंगाला ३ मीटरवर सुमारे २.२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे झडप उघडेपर्यंत प्राणी चौकटीबाहेर गेलेला असतो. रिकाम्या वाटेची किंवा शेपटीच्या टोकाची असंख्य छायाचित्रे ही त्या काळातील डिजिटल ट्रॅप कॅमेऱ्यांची खूणच होती, आणि अनेक संशोधक काही वर्षे फिल्मलाच चिकटून राहिले ते याच कारणाने. त्याला जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

उपाय दोन दिशांनी निघाले. एक तात्पुरता होता: कॅमेरा वाटेला काटकोनात न लावता तिरका लावायचा, म्हणजे प्राणी चौकटीत अधिक वेळ राहतो. दुसरा कायमचा होता: हलणारे भिंग व यांत्रिक झडप काढून टाकून, स्थिर भिंगाचा आणि इलेक्ट्रॉनिक झडपेचा, केवळ याच कामासाठी घडवलेला कॅमेरा तयार करायचा. अशा उपकरणांत इशाऱ्यापासून छायाचित्रापर्यंतचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. मग घरगुती रूपांतरे मागे पडली.

वीज

कॅमेरा सतत जागा ठेवला तर विलंबाचा प्रश्न सुटतो, पण विजेचा उभा राहतो. चालू अवस्थेतील साधा डिजिटल कॅमेरा शेकडो मिलिअँपिअर प्रवाह घेतो. २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे सेल त्याला एक रात्रही पुरत नाहीत. याउलट केवळ उष्णता संवेदक जागा ठेवायला ०.२ मिलिअँपिअर पुरतात. या हिशेबाने तीन महिन्यांचा खर्च सुमारे ४३० मिलिअँपिअर-तास होतो. म्हणून आजच्या उपकरणांत दोन 'मेंदू' असतात. एक अत्यल्प विजेवर अखंड जागा असतो, दुसरा क्षणभर उठून चित्र घेतो व पुन्हा झोपतो. अल्कलाइन सेलचा दाब वापरासोबत हळूहळू उतरतो. त्यामुळे कॅमेरा दिवसा व्यवस्थित चालतो आणि रात्री, फ्लॅशला जोराचा प्रवाह लागताच, बंद पडतो. सेल बदलायला गेलेल्या कर्मचाऱ्याला दिवसा पाहिल्यास उपकरण निर्दोष वाटते.

रात्रीचा उजेड

या रूपांतरातील सर्वांत मोठी तडजोड येथे आहे. फिल्म कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ लखलखतो. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर चालणारा बिबट्या जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणून ठिपके रेखीव येतात. मात्र या फ्लॅशच्या संधारित्रात सुमारे ३०० व्होल्टचा दाब भरायला काही सेकंद जातात. आईमागे पिल्ले असतील तर आईचे चित्र मिळते आणि पिल्ले अंधारातच निघून जातात.

प्रतिमा संवेदकाचे सिलिकॉन मानवी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपते. दिवसा हा दोष ठरतो, कारण रंग बिघडतात; म्हणून संवेदकापुढे अवरक्त रोखणारी गाळणी लागते. रात्री तोच गुण ठरतो. गाळणी बाजूला सारून अवरक्त एलईडींच्या उजेडात, प्राण्याला न बुजवता, एकामागोमाग चित्रे घेता येतात. ८५० नॅनोमीटरचे एलईडी किंचित लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे अजिबात दिसत नाहीत, परंतु त्या लांबीला संवेदक कमी संवेदनशील असल्याने उजेड कमी पडतो. दोन्हींत झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. सेकंदाच्या विसाव्या भागात तोच बिबट्या ५ सेंटिमीटर सरकतो. त्याच्या अंगावरील एकेक ठिपकाही काही सेंटिमीटरचाच असल्याने सगळी नक्षी फासटली जाते. चित्रात बिबट्या आहे एवढे कळते. कोणता आहे हे कळत नाही.

गाळणी सरकवणाऱ्या विद्युतचुंबकाचा बारीक 'टक्' आवाज हा आणखी एक त्रास आहे, शांत रात्री तो प्राण्याला ऐकू जातो. अशा कारणांनी वाघ-बिबट्यांच्या गणनेसाठी पांढऱ्या फ्लॅशची उपकरणे डिजिटल काळातही वापरात राहिली, तर केवळ हालचालीवर नजर ठेवायची असेल तेथे अवरक्त उपकरणे वापरली जाऊ लागली. पांढऱ्या फ्लॅशमुळे कॅमेऱ्याची जागा उघड होते व चोरीचा धोका वाढतो. शेतवस्तीच्या वाटेवर पहाटे-रात्री ये-जा करणाऱ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खासगीपणाचाही प्रश्न असतो. जंगलासाठी घडवलेल्या उपकरणाच्या रचनेत त्याचा विचार फारसा झालेला नाही.

ऊस, ऊन आणि उष्णता संवेदक

कॅमेऱ्याला जागे करणारा उष्णता संवेदक प्राण्याचे तापमान मोजत नाही. प्राण्याच्या अंगाचा पृष्ठभाग आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरक त्याच्या दोन खंडांसमोरून सरकला की तो इशारा देतो. दौंड व शिरूर तालुके पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मे महिन्यांत तेथे दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या वेळी उघड्या माळावरील जमीन व प्राण्याचे अंग यांतील फरक जवळपास नाहीसा होतो आणि माळरानावरचे लांडगे, कोल्हे समोरून जाऊनही उपकरण स्तब्ध राहू शकते. बिबट्या प्रामुख्याने रात्री हिंडत असल्याने त्याच्याबाबत हा दोष कमी जाणवतो.

उसाच्या फडाची अडचण उलट आहे. उन्हाने तापलेली लांब पाने वाऱ्याने हलली की संवेदकाला ती सजीव वाटतात आणि दिवसभरात शेकडो रिकामी चित्रे जमतात. फिल्मच्या काळात एका दुपारच्या वाऱ्याने रोल संपला असता. साठवणपत्त्यावर हजारो चित्रे मावत असल्याने आता तसे होत नाही, मात्र सेल लवकर उतरतात. बांधावर पाने छाटून मोकळी केलेली जागा आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा झाकली जाते. पाटाच्या पाण्याने फडात ओल असते. डब्याच्या रबरी कडेतून शिरलेली वाफ पहाटे भिंगाच्या आतल्या बाजूस दव होऊन बसते. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवणे आणि ती वेळेवर बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.

शिरूर आणि दौंडमधील उपयोग

शिरूर तालुका वनविभागाच्या रचनेत जुन्नर, आंबेगाव व खेड यांच्यासह जुन्नर वनविभागात येतो, तर दौंड पुणे वनविभागात. दोन तालुक्यांमधून भीमा नदी वाहते. घोड व भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला. न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या या पिकात बिबट्याला आडोसा व पाणी मिळते. वस्तीवरील कुत्री, शेळ्या व डुकरे हे त्याचे खाद्य असते. लगतच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेऱ्यांच्या आधारे केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. हे बिबटे जंगलातून भरकटून आलेले नसून तेथेच राहणारे आहेत, ही गोष्ट छायाचित्रांमुळे निर्विवाद झाली.

ओळख पटवण्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते. जुन्नर परिसरात २००० नंतरच्या काही वर्षांत बिबटे सरसकट पकडून दूर सोडण्याचा कार्यक्रम झाला. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधाने दाखवले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश असून मानवी जीविताला धोकादायक ठरलेल्या प्राण्याविरुद्धही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय कारवाई करता येत नाही. परवानगी विशिष्ट प्राण्यासाठी असते. पिंजऱ्यात मात्र जो येईल तो सापडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा मृत्यू झाला आणि लोकांचा संताप रस्त्यावर आला. अशा प्रसंगी गावाला त्याच रात्री उत्तर हवे असते, आणि हल्ला करणारा तोच बिबट्या कोणता हे सांगायला लागणारे रेखीव चित्र उपकरणाने दिलेले असेलच असे नाही.

डिजिटल उपकरणाचा सर्वांत निर्विवाद फायदा ऊसतोडीच्या हंगामात दिसतो. तोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. त्यांची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवले जाते आणि भोवती ट्रॅप कॅमेरे लावले जातात. मादी येऊन पिल्ले घेऊन गेली की नाही हे सकाळी लगेच कळते. नेली नसतील तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करता येतो. रोल धुऊन येईपर्यंत थांबावे लागले असते, तर ही पद्धत व्यवहारात आणणेच शक्य झाले नसते. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राशी संबंधित पथके व वनविभाग ही पद्धत वापरतात.

छायाचित्रांचा ढीग

रोलची मर्यादा गेल्याने उलटाच प्रश्न निर्माण झाला. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती, म्हणजे दोन्ही मिळून अर्धा टक्काही नाही. ही छाननी हाताने करणे अशक्य असल्याने प्रतिमा ओळखणाऱ्या संगणक प्रणालींचा वापर करावा लागला. मोबाइल जाळ्यावरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांत हीच छाननी उपकरणातच करण्याचा प्रयत्न असतो, कारण हललेल्या उसाचे प्रत्येक चित्र पाठवत बसले तर सेल दोन दिवसांत संपतील आणि इशाऱ्यालाही कोणी महत्त्व देणार नाही.

घड्याळाचा प्रश्न त्या मानाने किरकोळ वाटतो, पण नोंदींचा घोळ बहुधा तेथूनच सुरू होतो. समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळे महिन्याभरात काही सेकंद ते मिनिटभर पुढेमागे होतात. सेल काढल्यावर काही उपकरणांची तारीख मूळपदावर जाते. मग डाव्या व उजव्या कुशीची चित्रे एकाच बिबट्याची आहेत हे जुळवता येत नाही. शिरूरमध्ये केवळ डावी कूस आणि भीमा ओलांडल्यावर दौंडमध्ये केवळ उजवी कूस टिपली गेली, तर दोन वनविभागांच्या नोंदींत तो एकच बिबट्या दोन म्हणून मोजला जाण्याची शक्यता राहते.